रुततंय, पण दुखत नाही: निरोगी हातावरच्या लेझरचं एक प्रकरण

"मॅडम, ३.२ वरून ४.१ वर गेलं!"

तो केबिनच्या दारातूनच बोलला. पदव्युत्तर फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, द्यायची तारीख तोंडावर आलेली आणि हातात वहीचं फाडलेलं पान. आदल्या संध्याकाळी त्याने वर्गातल्याच एका मैत्रिणीच्या हातावर लो-लेव्हल लेझर देऊन पाहिला होता. आधी अल्गोमीटरने दाबून वेदनेचा उंबरठा मोजला, मग लेझर दिला, दहा मिनिटं थांबला आणि पुन्हा मोजला. आधी ३.२ किलोवर दुखायला लागत होतं, ते आता ४.१ किलोवर. मुलीला ना दुखापत, ना सूज, ना कुठला आजार. चोवीस वर्षांची धडधाकट मुलगी. "म्हणजे निरोगी माणसातसुद्धा लेझरने वेदना उशिरा जाणवते," तो म्हणाला. विषय मिळाला म्हणून स्वारी खुशीत होती.

मी एवढंच विचारलं, "अरे, लेझर न देता पुन्हा मोजलं असतंस, तर किती आलं असतं?"

उत्तर त्याच्याकडे नव्हतं. खरं तर माझ्याकडेही नव्हतं. पुढच्या तीन आठवड्यांत त्याच मुलीच्या त्याच हातावर आम्ही आणखी तीन सत्रं घेतली, त्याची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. एका माणसावरच्या चार सत्रांतून लेझरबद्दल काहीही सिद्ध होत नाही, हे आधीच सांगून टाकते. जे कळलं ते मोजमापाबद्दल, आणि थोडंफार आपण विचारतो त्या प्रश्नाबद्दल.

निरोगी माणूसच का

वेदनेच्या उपचाराची परीक्षा रुग्णावर घ्यायची की निरोगी माणसावर, हा जुना वाद आहे. रुग्णाची वेदना स्वतःच्या मर्जीने वरखाली होत असते. माणूस दवाखान्यात येतो तोच दुखणं अगदी वर गेलेलं असताना, त्यामुळे पुढच्या आठवड्यात ते काही न करताही थोडं उतरायची शक्यता असते. निरोगी स्वयंसेवकात ही भानगड नाही. वेदना आपण निर्माण करायची, मोजून मापून, आणि हात काढला की संपली. वर्गमित्र हाताशी असतात, त्यांना समजावणं सोपं असतं, हेही कारण आहेच. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत निरोगी स्वयंसेवक एवढे का असतात याचं प्रामाणिक उत्तर बहुधा हेच.

पण सोय झाली म्हणून प्रश्न तोच राहत नाही. त्याकडे पुढे येईनच.

यंत्र आणि मात्रा

थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेझर चालवून दाखवला, तो माणकाच्या स्फटिकाचा. १९६७ मध्ये बुडापेस्टमध्ये एंड्रे मेस्टर हे लेझरने कर्करोग होतो का हे उंदरांवर तपासत होते. कर्करोग झाला नाही, पण केस भादरलेल्या जागी लेझर दिलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. लो-लेव्हल लेझरची गोष्ट तिथून सुरू होते. आता फोटोबायोमॉड्युलेशन हे नाव रुळू लागलंय, पण विभागात सगळे 'लेझर'च म्हणतात.

कापणारा, जाळणारा लेझर तो हा नव्हे. शक्ती साधारण ५०० मिलिवॅटच्या आत, प्रकाश लाल किंवा अवरक्त, आणि त्वचेला ऊब जाणवली नाही तरी चालतं. गृहीतक असं की पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियामधलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे एन्झाइम हा प्रकाश शोषतं, पेशीचा ऊर्जेचा कारभार सुधारतो, सूज आणणारी रसायनं कमी होतात. वेदनेसाठी आणखी एक वाट सुचवली जाते: वेदना वाहून नेणाऱ्या बारीक मज्जातंतूंचं वहनच लेझर तात्पुरतं मंदावतो. ८३० नॅनोमीटरच्या लेझरने उंदरांच्या संवेदी पेशींमधली मालवाहतूक अडते, असं रोबर्टा चाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं. मात्र त्या पेशी काचेच्या बशीत होत्या. वर त्वचा नव्हती, चरबी नव्हती, रक्त नव्हतं.

आमच्या यंत्राचा प्रोब अवरक्त, ८०८ नॅनोमीटरचा. लेबलावर १०० मिलिवॅट. त्याने कोपराखाली तीन बोटांच्या अंतरावर, मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूंच्या उंचवट्यावर चार बिंदू आखले आणि प्रत्येकी एक मिनिट दिलं. ०.१ वॅट गुणिले ६० सेकंद, म्हणजे बिंदूला ६ ज्यूल, एकूण २४. दोघांच्या डोळ्यांवर चष्मे होते, हे मी खोदून विचारून घेतलं. अवरक्त किरण दिसत नाही म्हणून डोळा मिटायची प्रतिक्षिप्त क्रियाही होत नाही, हे विद्यार्थी पाठ करतात आणि प्रॅक्टिकलला विसरतात.

त्याच्या पानावर मात्रा '१२ ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर' अशी लिहिलेली होती, कारण प्रोबच्या तोंडाचं क्षेत्रफळ अर्धा चौरस सेंटिमीटर. या एककाने बरेच जण फसतात. तेवढेच ६ ज्यूल ०.०५ चौरस सेंटिमीटरच्या बारीक ठिपक्यातून दिले तर आकडा १२० होतो. ऊर्जा तीच, कागदावर मात्रा दहापट. म्हणून दोन प्रबंधांतल्या मात्रांची तुलना करताना शक्ती, वेळ, ठिपक्याचं क्षेत्रफळ आणि बिंदूंची संख्या हे चारही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय मी पुढे वाचत नाही.

दुसरं सत्र

पाच दिवसांनी, संध्याकाळची तीच वेळ. या वेळी मी खोलीत बसले आणि दोनच बदल सुचवले. एक, लेझर दिलेल्या जागेबरोबर विरुद्ध पायाच्या नडगीशेजारच्या स्नायूवरही उंबरठा मोजायचा, जिथे लेझर जाणारच नाही. दोन, त्याचे हात माझ्या फोनवर चित्रित करायचे.

पहिला धक्का लेझर सुरू करायच्या आधीच बसला. हाताचा उंबरठा आज सुरुवातीलाच ३.९ निघाला. पाच दिवसांपूर्वी तो ३.२ होता. मधल्या काळात हाताला काही झालं नव्हतं. लेझरचा परिणाम पाच दिवस टिकला, असं म्हणायचा मोह त्याला झाला आणि त्याने तसं म्हणूनही दाखवलं. मग लेझर दिला, दहा मिनिटं गेली, हात ४.३. आणि पाय? पायाचा आकडाही जवळपास तेवढाच वर गेला होता.

"प्रकाश रक्तातून पायापर्यंत गेला असेल का?" त्याने विचारलं. मी हसले नाही. स्थानिक उपचाराचा परिणाम शरीरभर होऊ शकतो. वेदनेवर मेंदूतून खाली येणारा ताबा असतो, आणि एका जागी केलेल्या गोष्टीने दुसरीकडचा उंबरठा हलतो हे वेदनेच्या प्रयोगशाळांत नेहमी दिसतं. म्हणून ही शक्यता खोडून काढता येत नव्हती. पण तिच्या आधी तपासाव्यात अशा साध्या शक्यता रांगेत उभ्या होत्या. त्यातली पहिली मुलीनेच सांगितली.

रुतणं, बोचणं, दुखणं

सत्र संपल्यावर मी तिला सहज विचारलं, "पहिल्या दिवशी आणि आज, 'थांब' कधी म्हणालीस?"

ती म्हणाली, "पहिल्या दिवशी मला कळतच नव्हतं मॅडम. हा म्हणाला, दुखलं की सांग. ते रबर रुतायला लागलं की मी थांब म्हणत होते. नंतर लक्षात आलं, हे रुततंय, पण दुखत नाहीये. मग मी खरं दुखेपर्यंत थांबायला लागले."

या एका वाक्यात ३.२ आणि ३.९ मधला बराचसा फरक बसतो.

अल्गोमीटर हे साधं उपकरण आहे. टोकाला एक चौरस सेंटिमीटरचा रबरी बुंधा, मागे दाब दाखवणारा मीटर. दाब वाढवत न्यायचा आणि समोरच्याने वेदना सुरू होताच सांगायचं. पण 'वेदना सुरू होताच' हे सांगणं सोपं नाही. मराठीत दाबाच्या वाटेवर किती थांबे आहेत पाहा: आधी दाबल्यासारखं वाटतं, मग रुततं, मग खुपतं किंवा बोचतं, मग दुखतं, आणि पुढे गेलं तर कळ जाते. कुणाचा उंबरठा रुतण्यावर असतो, कुणाचा कळ येण्यावर. कळ येईपर्यंत थांबणारा माणूस उंबरठा सांगतच नाही, तो सहनशक्ती सांगतो. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे आकडे एका रकान्यात बसत नाहीत.

विद्यार्थी सूचनापत्रकाचा इंग्रजीतून कसाबसा अनुवाद करतात: 'जेव्हा दाबाची संवेदना वेदनेत परावर्तित होईल तेव्हा सूचित करा.' माणूस मान डोलावतो आणि आपल्या मनाने काहीतरी ठरवतो. त्या दिवशी आम्ही तिघांनी बसून नवं वाक्य केलं: 'आधी नुसतं दाबल्यासारखं वाटेल, मग रुतेल. तेव्हा काही बोलू नका. रुतण्यातून दुखणं सुरू होईल, अगदी पहिल्यांदा दुखेल, त्या क्षणी थांब म्हणा. किती सहन होतं ते आम्हाला बघायचं नाही.' शेवटचं वाक्य तिने घालायला लावलं. तिच्या मते मुलांसमोर मुली आणि मुलींसमोर मुलं उगीच दम धरतात. तपासणारा कोण आहे यानुसार उंबरठा बदलतो अशी निरीक्षणं शास्त्रीय साहित्यातही आहेत, पण तिने ती वाचलेली नव्हती.

शिवाय पहिलं रीडिंग. नवखा माणूस पहिल्या दाबाला बिचकतो. म्हणून बरेच जण सरावासाठी एखादं रीडिंग घेतात आणि ते हिशोबात धरत नाहीत. आमच्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी सराव दिला नव्हता. म्हणजे 'आधी'च्या सरासरीत बिचकणं होतं, 'नंतर'च्या सरासरीत नव्हतं. उंबरठा वर जाणारच होता.

हाताचा वेग

दुसरी शक्यता फोनमध्ये सापडली.

चित्रण आम्ही तिघांनी विभागातल्या संगणकावर सावकाश पाहिलं. लेझर देण्याआधी तो बुंधा हळूहळू, जपून दाबत होता. नंतरच्या वेळी हात सरावलेला होता आणि उत्साहही होता. दाब लवकर चढत होता. दाब सुरू झाल्यापासून 'थांब' येईपर्यंतचे सेकंद मोजले तेव्हा नंतरचे सगळे वेळ कमी भरले, आणि आकडे मात्र मोठे.

हिशोब पाहा. समजा दाब सेकंदाला १ किलो या वेगाने वाढतोय. दुखणं जाणवल्यापासून तोंडातून 'थांब' निघेपर्यंत आणि ते ऐकून त्याचा हात थांबेपर्यंत मिळून अर्धा सेकंद गेला, तर मीटर खऱ्या उंबरठ्यापेक्षा अर्धा किलो जास्त दाखवणार. वेग सेकंदाला २ किलो झाला तर तोच अर्धा सेकंद १ किलोचा होतो. उंबरठा तसूभर हललेला नसताना मीटरवर अर्धा किलो वाढतो. आमचा सगळा 'परिणाम' किती होता? पहिल्या दिवशी ०.९, दुसऱ्या दिवशी ०.४.

त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं. मीटरची तबकडी त्याच्याच डोळ्यांसमोर होती, आकडा वर जावा असं मनापासून वाटत होतं, आणि हात मनाचं ऐकतो. मी स्वतः विद्यार्थिदशेत वेगळ्या उपचारावर याच उपकरणाने केलेली मोजमापं आता कपाटातून काढायचं धाडस करत नाही.

अपेक्षा

तिसरी शक्यता सगळ्यांना माहीत असते आणि म्हणूनच तिच्यावरून पटकन पुढे जातात. प्लासिबो, म्हणजे उपचार मिळतोय या अपेक्षेनेच वाटणारा आराम. मुलीला माहीत होतं की लेझर वेदना कमी करण्यासाठी देतात. तिनेच रुग्णांना दिलेला आहे. यंत्र बीप करतं, चष्मे लावले जातात, समोरचा गंभीर चेहऱ्याने प्रोब धरतो.

प्लासिबो म्हणजे 'नुसतं मनाचं' असं म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांत पाहिलं की प्लासिबोने मिळणारा आराम नॅलोक्सोन या औषधाने रोखला जातो. नॅलोक्सोन अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम अडवतं. म्हणजे अपेक्षेने शरीरातलीच वेदनाशामक यंत्रणा हलते. तिचा परिणाम हातावर दिसेल तसा पायावरही दिसू शकतो. दुसऱ्या सत्रातला पायाचा आकडा समजून घ्यायला प्रकाश रक्तातून खाली नेण्याची गरज नव्हती.

तिसरं आणि चौथं सत्र

आता नीट बसून आखणी केली. एका दिवशी खरा लेझर, एका दिवशी शॅम, म्हणजे लेझर दिल्याचा नुसता देखावा, मध्ये एक आठवडा. कोणत्या दिवशी काय, हे विभागातल्या एका सहकारी बाईंनी चिठ्ठी टाकून ठरवलं आणि पाकीट बंद करून स्वतःकडे ठेवलं. यंत्र त्या बाईच लावणार, पडद्यामागून. शॅमच्या दिवशीही बीप वाजेल, वेळ मोजली जाईल, फक्त किरण निघणार नाही. अवरक्त प्रोबचा इथे फायदा होतो. लाल प्रकाशाचा प्रोब असता तर शॅम झाकणं कठीण होतं.

मीटरची तबकडी माझ्याकडे वळवली. दाबणाऱ्याला आकडा दिसायचा नाही. दाबाच्या वेगासाठी फोनवर मेट्रोनोम लावला, प्रत्येक ठोक्याला ठरलेला दाब. हे वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्याने आठवडाभर उशीवर सराव केला तेव्हा कुठे हात ठोक्यात बसला. आणि आता 'थांब' तोंडाने म्हणायचं नव्हतं. तिच्या दुसऱ्या हातात एक बटण होतं, ते दाबलं की मीटर तिथेच गोठायचा.

तिसऱ्या सत्रात हात थोडा वर गेला, पाय जागच्या जागी. चौथ्या सत्रात हात थोडा वर, पाय थोडा खाली. 'थोडा' म्हणजे दोन-तीन दशांश किलो. एकाच बैठकीतल्या एकाच जागेच्या तीन रीडिंगांमध्येच आमचा तेवढा फरक पडत होता. उपकरणाची नजर ज्याच्या पलीकडे पोहोचत नाही, तिथे आमचा परिणाम लपला होता, किंवा नव्हताच.

चौथ्या सत्रात आणखी एक गुंता. मुलगी आदल्या रात्री चार तास झोपली होती. झोप कमी झाली की माणूस वेदनेला जास्त हळवा होतो, हे चांगलं अभ्यासलेलं आहे. तिचा सुरुवातीचा उंबरठाच त्या दिवशी खाली होता. सत्र पुढे ढकलायला हवं होतं. तारीख जवळ आली म्हणून ढकललं नाही.

पाकीट उघडण्याआधी तिला विचारलं, खरा लेझर कोणत्या दिवशी होता असं वाटतं? "दोन्ही दिवशी," ती म्हणाली. "एकदा जरा ऊब लागल्यासारखं वाटलं, पण कधी ते आठवत नाही." पाकिटात निघालं: तिसरं सत्र खरं, चौथं शॅम.

आणि मग पॉवर मीटर

इथपर्यंत विद्यार्थ्याने निष्कर्ष काढून टाकला होता: निरोगी माणसात लेझरचा परिणाम नाही. मला तेवढ्यात एक गोष्ट आठवली, जी पहिल्या दिवशी आठवायला हवी होती, आणि ही चूक त्याची नाही, माझी. किरणाची शक्ती आम्ही मोजलीच नव्हती.

जैववैद्यकीय विभागाच्या अभियंत्यांकडून पॉवर मीटर मागवला. लेबलावर १०० मिलिवॅट. मीटरवर साठच्या आसपास. प्रोबची काच पुसली तेव्हा थोडा वाढला, पण शंभरापर्यंत गेला नाही. लेझर डायोड वापराने थकतात, काचेवर जेल आणि धूळ बसते, आणि यंत्र मात्र ठरल्या वेळी तितक्याच ऐटीत बीप करतं. म्हणजे बिंदूला ६ ज्यूल नव्हे, ३.६. चार बिंदूंना मिळून २४ नव्हे, साडेचौदाच्या घरात. त्यातलाही बराचसा प्रकाश त्वचेच्या पहिल्या काही मिलिमीटरमध्येच विखुरतो आणि शोषला जातो.

कमी मात्रेने परिणाम दिसला नाही, तर मात्रा वाढवून दिसेल असंही नाही. या प्रकाशाबाबत एक वक्र वारंवार सांगितला जातो: फार थोड्याने काही नाही, मधल्या मात्रेने चालना, जास्त मात्रेने उलट दडपण. बरं होण्यासाठी चालना हवी असते. वेदना अडवण्यासाठी मज्जातंतूचं दडपणच उपयोगी, असं काही संशोधक मांडतात. मग आपल्याला वक्राचं कोणतं टोक हवंय, हे आधी ठरवायला लागतं. आमच्या पानावर ते ठरलेलं नव्हतं. ६ ज्यूल कुठून आले? "सीनियरच्या प्रबंधात होते," तो म्हणाला. तो प्रबंध गुडघ्याच्या संधिवातावरचा होता.

निरोगी माणसांवरच्या जुन्या कामातही हाच घोळ दिसतो. मनगटाशेजारून अंगठ्याकडे जाणारा रेडियल मज्जातंतूचा वरवरचा फाटा त्वचेखालीच असतो, म्हणून प्रयोगाला सोयीचा. त्यावर १९८५ मध्ये ग्रेटहाउस आणि सहकाऱ्यांनी अवरक्त लेझर दिला. वहनात फरक पडला नाही. १९८८ मध्ये स्नायडर-मॅकलर आणि बोर्क यांनी त्याच मज्जातंतूवर हीलियम-निऑनचा लाल लेझर दिला. संदेश पोहोचायला जास्त वेळ लागू लागला. मज्जातंतू एकच, तरंगलांबी वेगळी, मात्रा वेगळी, उत्तर वेगळं. 'लेझरने वहन मंदावतं का' या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, कोणत्या लेझरने?

आणि वहन मंदावलं म्हणजे वेदना कमी झाली, असंही नाही. वहनाच्या नेहमीच्या चाचणीत जाड, वेगवान तंतू मोजले जातात. वेदना नेणारे सी तंतू सेकंदाला एक-दोन मीटरच्या चालीने रखडत येतात आणि त्या चाचणीत दिसतच नाहीत. शिवाय मज्जातंतू थंड झाला तरी वहन मंदावतं. वीस मिनिटं उघड्या हाताने पंख्याखाली बसवलं तरी 'परिणाम' मिळेल.

मग रुग्णांना बरं कसं वाटतं

हा प्रश्न मुलीने विचारला, आणि तो रास्त होता. लेझर अगदीच निकामी असता तर जुनाट मानदुखीवर त्याचं एवढं नाव झालं नसतं. चाऊ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये द लॅन्सेटमध्ये मानदुखीवरच्या १६ चाचण्या, एकूण ८२० रुग्ण, एकत्र करून पाहिल्या. जुनाट मानदुखीत शंभर मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर प्लासिबोच्या तुलनेत सुमारे २० मिलिमीटर उतार दिसला. चाचण्यांच्या दर्जावर वाद घालता येतो, आणि घातला गेला आहे. पण ती माणसं आजारी होती.

ताप नसलेल्या माणसाला ताप उतरवायची गोळी दिली आणि तापमापक हलला नाही, म्हणून गोळी खोटी ठरत नाही. सूज आलेल्या जागी वेदना टिपणारे मज्जातंतूंचे शेंडे आधीच चिडलेले असतात. हलका दाबही दुखतो. लेझर सूज आणणारी रसायनं कमी करत असेल, तर तिथे त्याला काम आहे. निरोगी हातात ती चीडच नाही. तिथला उंबरठा शरीराने धोक्याची सूचना द्यायला जिथे ठेवलाय, तिथेच आहे. तो वर सरकवायचा म्हणजे दुरुस्ती नाही, बधिरता. बधिर करण्याइतका परिणाम या प्रकाशात आहे का, हा निरोगी माणसावर विचारता येणारा प्रश्न आहे. 'लेझरने वेदना बरी होते का' हा नव्हे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तरी दुसरा शाबूत राहतो, आणि 'हो' आलं तरी दुसऱ्याला त्याची मदत होत नाही.

मधला एक मार्ग आहे: निरोगी माणसात वेदना तात्पुरती जागी करायची. सवय नसलेला, स्नायू ताणला जात असताना भार घ्यायचा व्यायाम दिला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकतात आणि दाबाचा उंबरठा खरोखर खाली येतो. किंवा मिरचीतलं कॅप्सेसिन त्वचेला लावायचं. त्याभोवतीची जागा काही वेळ हळवी होते. मग लेझर तो खाली गेलेला उंबरठा लवकर वर आणतो का, हे पाहायचं. आजाराजवळ जाणारा प्रश्न, आणि माणूस तरीही निरोगी.

विद्यार्थ्याला व्यायामाची कल्पना आवडली. मैत्रिणीने सांगून टाकलं की त्या प्रयोगात ती नसेल.

सिनॉप्सिस

शेवटी विषय बदलला नाही, अरुंद झाला. निरोगी व्यक्ती, कोपराखालच्या स्नायूचा दाबवेदनेचा उंबरठा, ८०८ नॅनोमीटर, प्रत्येक सत्राआधी पॉवर मीटरवर मोजलेली शक्ती, आणि ती कमी भरली तर वेळ वाढवून ऊर्जा ठरल्याइतकी करायची. प्रत्येक माणसावर खरा आणि शॅम दोन्ही, क्रम चिठ्ठीने. लेझर न दिलेली दूरची जागा सक्तीची. पहिलं रीडिंग सरावाचं. आदल्या रात्रीची झोप सहा तासांपेक्षा कमी असेल तर सत्र पुढे. शेवटी माणसाला विचारायचं, खरं कोणत्या दिवशी होतं, आणि ते उत्तरही नोंदवायचं.

नमुन्याच्या आकड्यावर आमची शेवटची झटापट झाली. त्याने 'तीस' लिहिलं होतं. सगळेच तीस लिहितात. तीस कुठून आले हे तोंडी परीक्षेत विचारलं की शांतता पसरते. मी म्हटलं, किती किलोचा फरक तुला महत्त्वाचा वाटतो ते आधी सांग. अर्धा किलो शोधायचा असेल तर एक संख्या लागेल. पाव किलो शोधायचा असेल तर त्याच्या चौपट माणसं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मॅडम, उपकरणाचाच फरक दोन-तीन दशांश येतोय. पाव किलो मागायला तोंड कुठे आहे?"

अर्धा किलो लिहिलं. संख्याशास्त्राच्या सरांकडे पान गेलंय. मेट्रोनोम त्याच्या फोनमध्ये अजून आहे. परवा वॉर्डमध्ये राऊंडच्या मध्येच वाजला.